नक्की कळवतो!

महाराष्ट्रात नकार ऐकून कुणी खचल्याचं सहसा दिसत नाही, कारण नकार ऐकायला मिळणं हीच मुळात दुर्मीळ गोष्ट आहे. शिंप्याला ब्लाउज वेळेत देणं जमणार नसतं तेव्हा तो ‘गुरुवारी या’ म्हणतो. कोणत्या गुरुवारी, हे विचारणं असभ्यपणाचं समजलं जातं. सुतार ‘उद्या सकाळी येतो’ म्हणतो आणि त्याचा तो उद्या उजाडेपर्यंत कपाटाचं दार एका बिजागरीवर तग धरून राहतं. सरकारी कचेरीत फाईल ‘वर गेलेली’ असते, मग इमारत बैठी का असेना. मुलाखतीनंतर कंपनी ‘आम्ही कळवू’ म्हणते, सोसायटीचे सेक्रेटरी ‘कमिटीपुढे ठेवतो’ म्हणतात, आणि उसने पैसे मागायला आलेल्या मेहुण्याला ‘बघू, काहीतरी करू’ असं सांगून वर चहा पाजला जातो. या सगळ्या प्रसंगांत बहुतेक वेळा बोलणाऱ्याला उत्तर तिथल्या तिथे ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त ऐकणाऱ्याला, आणि ते त्याच्यापर्यंत पोचवायचं काम काळावर सोपवलेलं असतं. काळ हा आपल्याकडचा सर्वांत जुना बिनपगारी निरोप्या आहे.

या पद्धतीला आपण चांगुलपणा म्हणतो. ‘कशाला उगाच कुणाचं मन दुखवायचं?’ हे तिचं तत्त्वज्ञान. हिच्या विरोधात उभी असते ती परखड मंडळींची फळी. ‘मी जे असेल ते तोंडावर बोलतो, मला मागून बोलायची सवय नाही,’ असं ही मंडळी आधी जाहीर करतात आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे न बघता बोलत सुटतात. या दोन पक्षांचं एकमेकांशी हाडवैर असलं तरी एका मुद्द्यावर त्यांची पक्की युती आहे: माणुसकी आणि खरेपणा एका वाक्यात नांदू शकत नाहीत, जुन्या मराठी सिनेमातल्या सासू-सुनांसारखी त्यांतली एक घरात शिरली की दुसरीनं बाहेर पडायचं. माझं म्हणणं असं की ही युती चुकीच्या पायावर उभी आहे. दोन्हींची परीक्षा एकाच प्रश्नानं होते: तुमचं बोलणं संपल्यावर समोरच्या माणसाला, उद्या सकाळी उठून आपण काय करायचं, हे कळलं का? कळलं असेल तर तुम्ही त्याच्याशी खरंही बोललात आणि त्याचा विचारही केलात. कळलं नसेल तर तुमचा आवाज मधासारखा असो की मिरचीसारखा, तुम्ही फक्त स्वतःची सुटका करून घेतलीत.

गोड टाळाटाळीनं कुणाचं नुकसान होत नाही, हा समज आधी तपासू. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. किती वेळ थांबायचं हे माहीत नसलेली वाट माहीत असलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते, आणि कारण न सांगितलेली वाट कारण सांगितलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते, असं त्यांनी त्यात मांडलं. ठाण्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला हे कळायला निबंधाची गरज नव्हती. तो या विषयात रोज सकाळी प्रात्यक्षिक देत असतो. गाडी वीस मिनिटं उशिरा येणार असं कळलं, तर तो वडापाव खाऊन येईल, ऑफिसात फोन करील, नाहीतर सरळ दुसरी वाट धरील. पण गाडी ‘थोड्याच वेळात’ येणार म्हटल्यावर त्याला वडापावच्या गाडीपर्यंतही जाववत नाही. वीस मिनिटं दोन्हीकडे तेवढीच; फरक एवढाच की एकीकडे ती त्याची होती आणि दुसरीकडे ती जप्त झाली. मेहुण्याचंही तेच होतं. त्याला सोमवारी ‘माझ्याकडे नाहीत रे’ असं सांगितलं असतं तर मंगळवारी तो पतपेढीत गेला असता. ‘बघू’वर विसंबून तो महिनाअखेरपर्यंत घरी बसतो, आणि मग त्याला जे कळतं ते सोमवारी कळलं असतं त्याहून दसपट झोंबतं. ज्या मनाला जपण्यासाठी एवढा खटाटोप केला ते शेवटी दुखतंच, वर हप्ता चुकतो तो वेगळाच.

या टाळाटाळीचं सुशिक्षित रूप म्हणजे पोकळ कारण. इथे एक गमतीदार प्रयोग आठवतो. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो न्यूयॉर्कमध्ये झेरॉक्स मशीनपाशी केला आणि १९७८ साली प्रसिद्ध केला. मशीन वापरायला निघालेल्या माणसाला ‘मला मध्ये घुसू द्याल का?’ असं विचारायचं. पाचच पानं आहेत म्हटल्यावर, काही कारण न देताही सुमारे ६० टक्के लोकांनी वाट दिली. ‘घाईत आहे’ हे खरं कारण जोडल्यावर ९४ टक्क्यांनी दिली. आणि ‘कारण मला कॉपी काढायच्या आहेत’ असं म्हटल्यावरही ९३ टक्क्यांनी दिली! झेरॉक्स मशीनपुढे माणूस कॉपी काढणार नाही तर काय शर्टाला इस्त्री करणार, हा प्रश्न जवळजवळ कुणाला पडला नाही. आपल्याकडच्या ‘काही तांत्रिक कारणास्तव’ या शब्दसमूहाचं यश या प्रयोगात दडलेलं आहे. तांत्रिक कारणास्तव कार्यक्रम पुढे ढकलला जातो, तांत्रिक कारणास्तव पगार लांबतो आणि तांत्रिक कारणास्तव प्रमुख पाहुणे येत नाहीत, जणू पाहुण्यांचा एखादा नट सैल झाला आहे. पण प्रयोगाचा उत्तरार्ध सहसा कुणी सांगत नाही. पाचाऐवजी वीस पानं म्हटल्यावर कारण न देणाऱ्याला २४ टक्क्यांनी वाट दिली, पोकळ कारण देणाऱ्यालाही २४ टक्क्यांनीच, आणि खरं कारण देणाऱ्याला ४२ टक्क्यांनी. म्हणजे क्षुल्लक बाबतीत माणूस शब्दांच्या आवाजावर भागवून घेतो. पण स्वतःचं काही पणाला लागलं की तो शब्द उघडून आत काय आहे ते बघतो. आणि नोकरी, कर्ज, बढती, घराची गळती ही प्रकरणं पाच पानांची कधीच नसतात.

मग नकार द्यायचा तरी कसा? गंमत अशी की याचा उत्तम धडा आपल्याला संतमहंतांकडे शोधावा लागत नाही, तो चक्क सरकारी कायद्यात छापलेला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ सांगतो की अर्जदाराला तीस दिवसांत उत्तर द्या. आणि माहिती नाकारायची असेल तर नाकारण्याचं कारण, अपील किती दिवसांत करता येईल ती मुदत, आणि अपील कुणाकडे करायचं तो अधिकारी, या तिन्ही गोष्टी कळवा. वाजवी कारणाशिवाय उशीर केला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे ‘कळवतो’चा दैनंदिन भाव साक्षात संसदेनं ठरवून दिलेला आहे. बदल्या आणि दप्तरदिरंगाईवर महाराष्ट्राचाही एक कायदा आहे. त्यानुसार कोणत्याही सरकारी कर्मचाऱ्यानं आपल्याकडचं प्रकरण सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त काळ प्रलंबित ठेवायचं नसतं. यामुळे फाईली हरणासारख्या पळू लागल्या असं तहसील कचेरीची पायरी चढलेला कुणीही म्हणणार नाही. पण कायद्याची नजर कुठे आहे ते पाहा. अधिकाऱ्यानं हसून बोलावं, खुर्ची द्यावी, ‘काका’ म्हणावं अशी त्याची अट नाही. का नाही, आता पुढे काय, आणि कुणाकडे जायचं, एवढंच तो सांगायला लावतो. अर्जदाराच्या उद्याच्या सकाळची सोय झाली की कायद्याच्या लेखी माणुसकी झाली. उरलेला गोडवा ज्याचा त्यानं हौसेनं घालावा.

आता परखड पक्षाकडे वळू, कारण एव्हाना त्यांना वाटू लागलं असेल की हा लेख त्यांच्या बाजूचा आहे. नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बेटर डॉट कॉम या अमेरिकी कंपनीचे प्रमुख विशाल गर्ग यांनी अमेरिका आणि भारतातल्या सुमारे ९०० कर्मचाऱ्यांना एका झूम कॉलवर, काही मिनिटांत, तुमची नोकरी आत्तापासून संपली असं सांगितलं. यात संदिग्ध काही नव्हतं. पण त्या अल्पशा वेळातही, मागच्या खेपेला असं करताना आपल्याला रडू आलं होतं, ही माहिती द्यायला त्यांना सवड मिळाली. पुढे बोभाटा झाल्यावर त्यांनी सांगण्याच्या पद्धतीबद्दल माफीही मागितली. परखडपणाचा दोष इथे नेमका दिसतो. तो खरं बोलतो म्हणून वाईट नाही. बोलताना त्याचं लक्ष स्वतःवर असतं म्हणून वाईट आहे. ‘मी स्पष्टवक्ता आहे’ या वाक्यात समोरच्याबद्दल एक अक्षरही नाही, हे स्पष्टवक्त्यांच्या कधी ध्यानात येत नाही. आणि तसं पाहिलं तर गोड बोलणाऱ्याचंही तेच आहे: एकाला आपण धीट दिसायचं असतं, दुसऱ्याला आपण सज्जन दिसायचं असतं, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस दोघांच्याही लेखी आरसा असतो. त्या मानानं पुणेरी पाटी बरी. ‘दुकान दुपारी १ ते ४ बंद राहील’ ही पाटी तुमच्यावर प्रेम करत नाही, पण तुम्हाला अर्ध्या रस्त्यातून परत फिरायची संधी देते. फक्त पाटीला समोर कोण उभं आहे ते दिसत नाही. माणसाला दिसतं, म्हणून माणसाकडून पाटीपेक्षा थोडं जास्त अपेक्षित आहे.

ते थोडं जास्त ऑफिसात किती महाग झालं आहे ते पाहायचं तर वार्षिक मूल्यमापनाचे दिवस पाहावेत. वर्षभर ‘छान चाललंय, कीप इट अप’ असं म्हणणारे साहेब मार्च-एप्रिलमध्ये दार लावून घेतात आणि सँडविच वाढतात: वर एक स्तुतीचा तुकडा, खाली एक स्तुतीचा तुकडा, आणि मध्ये तक्रारीचं सारण इतकं पातळ की खाणाऱ्याला ब्रेडच खाल्ल्याचा भास व्हावा. कर्मचारी बाहेर येऊन ‘साहेब खूश आहेत’ असं सांगतो. पगारवाढीचं पत्र आल्यावर त्याला सारणाची चव कळते. मग साहेब म्हणतात, ‘माझ्या हातात असतं तर मी दिलंच असतं, पण वरून बेल कर्व्ह आलाय.’ कितीजणांना कोणता शेरा मिळणार हे आधीच ठरवणारा बेल कर्व्ह हा कॉर्पोरेट जगातला शनी आहे. त्याच्या वक्रदृष्टीपुढे कुणाचं चालत नाही आणि त्याला जाबही विचारता येत नाही. वास्तविक ‘तुमचे अहवाल वेळेवर येतात, पण त्यांतले आकडे दुसऱ्याला पुन्हा तपासावे लागतात, पुढच्या महिन्यापासून ते तपासूनच द्या’ हे वाक्य जूनमध्ये सांगायला एक मिनिट पुरतं. त्यात अपमान नाही, उपदेश नाही, आणि ऐकणाऱ्याच्या हातात दुरुस्तीसाठी नऊ महिने उरतात. तेच वाक्य मार्चमध्ये सांगितलं की माहिती उरत नाही, निकाल होतो.

यावर आक्षेप येणार, आणि पहिला येणार तो लग्नाच्या बाजारातून. ‘पत्रिका जुळत नाही’ हे वाक्य नसतं तर महाराष्ट्रातली निम्मी नातीगोती एकमेकांच्या तोंडाकडेही बघत नसती, असं कोणतीही अनुभवी काकू सांगेल. छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की पुरे, असा संकेत; पण मुलाचा पगार, मुलीची उंची किंवा होणाऱ्या सासूबाईंचा आवाज आवडला नाही की हे गुण बघता बघता साडेसतरावर येतात. मग हे खोटं नाही का? अक्षरशः घेतलं तर आहे. पण आपली कसोटी लावून बघा. ‘पत्रिका जुळत नाही’ ऐकल्यावर मुलीच्या वडिलांना उद्या काय करायचं हे लख्ख कळतं: दुसरं स्थळ बघायचं. या वाक्याचा व्यवहारातला अर्थ देणाऱ्यालाही ठाऊक असतो आणि घेणाऱ्यालाही. यात ग्रहांना पुढे करून माणसांनी एकमेकांची अब्रू राखलेली असते, आणि ग्रह काही मानहानीचा दावा लावत नाहीत. फसवणूक असते ती ‘विचार करून कळवतो’ यात. त्या वाक्यावर विसंबून मुलीकडचे चार महिने थांबतात आणि एके दिवशी त्यांना त्याच मुलाच्या साखरपुड्याचे फोटो व्हॉट्सॲपवर दिसतात. तेव्हा शिष्टाचाराच्या आवरणाला माझी हरकत नाही. आवरणाच्या आत उत्तर असावं, एवढंच मागणं आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दुर्धर आजार झालेल्या आजींना कुणी काही सांगत नाही. डॉक्टर व्हरांड्यात मुलाला सांगतात, मुलगा जिन्यात बहिणीला सांगतो, आणि खोलीत शिरताना सगळे चेहऱ्यावर असं काही हसू चढवतात की आजींना निदान नसलं तरी त्याचं गांभीर्य तत्काळ कळतं. हे मौन दया नव्हे का? याचं उत्तर डॉक्टरांच्याच जगात मिळतं. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली कर्करुग्णांना वाईट बातमी कशी सांगावी याची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. ‘स्पाइक्स’ या नावानं ती आज ओळखली जाते. त्यात बातमी सांगण्याची पायरी थेट चौथी आहे. तिच्याआधी शांत जागा बघायची, मग रुग्णाला आपल्या आजाराबद्दल काय वाटतं ते विचारायचं, आणि मग किती जाणून घ्यायला आवडेल हेही विचारायचं. ‘मला नका सांगू, मुलाशी बोला’ असं आजी म्हणाल्या तर तो त्यांचा अधिकार. म्हणजे पर्याय ‘सगळं तोंडावर फेका’ किंवा ‘सगळं लपवा’ असे दोनच नाहीत. तिसरा पर्याय आहे आधी विचारण्याचा. आपण तो टाळतो, कारण विचारलं की ऐकावं लागतं. आजींना परस्पर वगळण्यात दया असेलही. पण तिचा मोठा हिस्सा, त्यांच्यासमोर रडावं लागू नये म्हणून, आपण स्वतःवरच केलेला असतो.

तिसरा आक्षेप वकिली आहे: खरं बोललं, चूक कबूल केली, की लोक डोक्यावर बसतात आणि कोर्टात खेचतात. मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २००१ पासून उलट मार्ग धरला. उपचारात चूक झाली तर ती रुग्णाला आपण होऊन सांगायची, माफी मागायची, आणि भरपाईही देऊ करायची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दर एक लाख रुग्णभेटींमागे महिन्याला येणारे नवे दावे सुमारे सातवरून साडेचारवर आले. याचं सगळं श्रेय कबुलीला देता येत नाही, कारण त्या काळात त्या राज्यात अशा दाव्यांचं प्रमाण एकूणच घटत होतं. पण कबुली दिली म्हणून दाव्यांचा पूर आला नाही, एवढं तरी नक्की. मात्र या आक्षेपातला एक भाग मला मान्य आहे. खरं बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. साहेबांनी शुक्रवारी संध्याकाळी ‘सोमवारपर्यंत होईल ना?’ असं विचारल्यावर नवा मुलगा ‘हो सर’ म्हणतो, तेव्हा तो खोटारडा नसतो, त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता असतो. म्हणून जबाबदारीही सारखी वाटता येत नाही. ज्याच्या हातात अधिकार जास्त, त्यानं नकार ऐकण्याची सोय आधी करायची. ‘होईल ना?’ असं न विचारता ‘काय काय राहिलंय आणि किती दिवस लागतील?’ असं विचारलं की खऱ्या उत्तराला निदान दार तरी सापडतं.

शेवटी कुणीतरी संस्कृत श्लोकाचा आधार घेतोच: खरं बोलावं, प्रिय बोलावं, पण अप्रिय सत्य बोलू नये. इथे वक्ता थांबतो आणि सभा मान डोलावते. श्लोक मात्र तिथे थांबत नाही. प्रिय असलं तरी खोटं बोलू नये, असंही तो लगेच पुढे सांगतो. ते सोयीस्करपणे गाळलं जातं. पूर्ण श्लोक पाळायचा तर सत्य गिळून भागत नाही आणि खोटं गोड करूनही भागत नाही. सत्याला ऐकण्याजोगं करण्याचं कष्टाचं काम करावं लागतं. ते काम केलं नाही तर नुकसान शेवटी होकाराचं होतं. जिथे कुणी ‘नाही’ म्हणत नाही तिथे ‘हो’ची किंमत रुपयासारखी घसरत जाते. आधी ‘येतो’ पुरत असे, मग ‘नक्की येतो’ आलं, मग ‘शंभर टक्के’, मग ‘अरे घरचंच कार्य आहे, न येऊन सांगतो कुणाला?’ हे शेवटचं वाक्य ऐकलं की अनुभवी यजमान मनातल्या मनात एक ताट कमी करतो. केटररला आकडा देताना तो यादीतली नावं मोजतच नाही, स्वभाव मोजतो; आणि ‘त्या दिवशी नाही जमणार गं, पण जोडप्याला एकदा जेवायला घेऊन ये’ असं पहिल्याच फोनवर सांगणारी एखादी मावशी असते, तिच्या नावापुढे तो निर्धास्तपणे शून्य लिहितो. पुढच्या कार्याला हीच मावशी ‘येते’ एवढंच म्हणाली, तर तिचं ताट मांडायला त्याला दुसऱ्यांदा फोन करावा लागत नाही.